वाव्हळे सरांची जुनी फिल्म

कुणाच्या घरी खिडकीच्या फुटक्या काचेवर एक्स-रेची फिल्म चिकटवलेली दिसली की मी अजूनही थांबते. गुडघा आहे की छाती, ते बघते. मागून उजेड येत असतो, त्यामुळे सगळं छान दिसतं. घरातल्या बायकांना वाटतं मी त्यांच्या घरात डोकावतेय. ही खोड मला वाव्हळे सरांनी लावली.

परभणीत स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, एका मेडिकलच्या दुकानावरती आमचं स्कॅन सेंटर होतं. मी तिथं अकरा वर्षं रिपोर्ट टाइप केले. मालकीण आणि रेडिऑलॉजिस्ट एकच, त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्या फिल्म बघून बोलायच्या आणि मी टाइप करायची. फिल्म काढायचे ते वाव्हळे सर. एक्स-रे आणि सीटी दोन्ही त्यांच्याकडे. इम्रान नावाचा आणखी एक टेक्निशियन होता, तोही सरांच्याच हाताखाली तयार झालेला. सर माझ्या आधीपासून तिथं होते. मी लागले तेव्हा त्यांच्या डोक्यावर बरेच केस होते आणि ते पेडगावहून मोटारसायकलवर यायचे.

पेशंट आत आला की सगळीकडे आधी नाव विचारतात. सर विचारायचे, "जुनी फिल्म हाय का घरी?" पेशंट गोंधळायचा. त्याला वाटायचं, पैसे भरून नवीन काढायला आलो तर हे जुनी काय मागायलेत. "हाय असंल तर आणा, न्हाई असंल तर आठवा कुठं ठेवली," असं म्हणून सर कामाला लागायचे. आणि लोक खरंच आणायचे. आमच्या भागात एक्स-रेची फिल्म कुणी टाकून देत नाही. ती खिडकीला लागते, ग्रहणाला बाहेर निघते, पोरी तिच्यात भोकं पाडून रांगोळीचा छाप करतात. एका म्हातारीनं तिच्या मणक्याची फिल्म आणली, तिच्यात मधोमध कमळ कापलेलं होतं. सरांनी ती उजेडाला धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "आजी, कमळ ब्येस हाय, पण नेमका दुखणारा मणका फुलात गेलाय बगा." म्हातारी इतकी हसली की तिला पुन्हा नीट झोपवायला सेंटरची झाडलोट आणि वरकाम करणाऱ्या कमल मावशीला बोलवावं लागलं.

ही नुसती लहर नव्हती, हे मला नंतर कळलं. गंगाखेडकडचा एक ऊसतोड मुकादम खोकल्यासाठी आला होता. छातीत उजवीकडे वाटाण्याएवढा ठिपका. मॅडमनी पुढच्या तपासण्या लिहिल्या, त्याला नांदेडला जायला सांगितलं. त्याच्या बायकोनं बाहेर बाकावर रडायला सुरुवात केली. सरांनी त्याला बाजूला घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मुकादमाची कधीची एक फिल्म त्याच्या भावाकडे होती, लग्नाआधीची. ती दुसऱ्या दिवशी आली. तोच ठिपका, तिथंच, तेवढाच. लहानपणी काहीतरी होऊन बरं झालेलं, त्याचा वण. मॅडमनी रिपोर्ट बदलला, मी पुन्हा टाइप केला. सरांनी भावानं आणलेली फिल्म घडी पडू न देता कागदात गुंडाळून परत दिली.

दुसरी सवय तळहाताची. फिल्म व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे मागून उजेड येणाऱ्या पाटीवर, लावली की सर आधी उजवा तळहात तिच्या अर्ध्या भागावर ठेवायचे, उरलेली अर्धी बघायचे, मग हात सरकवून दुसरी. "देवानं म्हणा का निसर्गानं म्हणा, माणूस दोन दोन करून बनवलाय," ते मला सांगायचे. "डॉक्टर आजार हुडकतात ताई. आपल्याला तेवढं कळत न्हाई. आपण दोन्ही बाजू सारख्या हायत का तेवढं बगायचं." मी तर टायपिस्ट, मला बघून काय करायचं होतं? पण मीही बघायला लागले. भाजीवाल्याच्या तराजूकडे बघते तशी माणसांच्या चेहऱ्याकडे.

पेशंटशी बोलायची त्यांची एक पद्धत होती. "हलायचं न्हाई, आवंढा गिळायचा न्हाई, देवाचं नाव घ्यायचं तर मनातल्या मनात." मुसलमान मोहल्ल्यातल्या बाया आल्या की लगेच दखनी सुरू. "अम्मा, डरना नक्को, हिलना नक्को, दो मिनिट का काम है." सीटीच्या टेबलावर झोपवताना सगळ्यांना ते डोळे मिटायला सांगायचे. मशीनमधून एक लाल रेघ येते, ती नाकाच्या बरोबर मधून जायला हवी, तर दोन्ही बाजू सारख्या येतात. इम्रान ती रेघ अंदाजानं लावायचा. सर वाकून, जवळ जाऊन, केसभर इकडे तिकडे करून लावायचे. त्यांच्या फिल्म बघताना मॅडम कधी "पेशंट वाकडा झोपलाय" म्हणाल्या नाहीत.

माझ्यावर त्यांचा एक उपकार आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. आमच्याकडे नॉर्मल रिपोर्टचे साचे कॉम्प्युटरमध्ये तयार असतात. यकृत नॉर्मल, पित्ताशय नॉर्मल, दोन्ही मूत्रपिंडं नॉर्मल. मॅडम फक्त वेगळं काय आहे तेवढं सांगतात, बाकी साच्यातलं तसंच जातं. एकदा घाईत मी एका माणसाच्या रिपोर्टात पित्ताशय नॉर्मल लिहून दिलं. मॅडमनी गर्दीत सही केली. रिपोर्ट पाकिटात जायच्या आधी सरांनी तो माझ्या कीबोर्डवर पालथा आणून ठेवला. म्हणाले, "ताई, ह्या माणसाचं पित्ताशय दोन वर्षांमागं काढलंय. टाके बघितले मी. तुमच्याकडं ठिवलंय का काय?" मी बदललं, त्यांनीच जाऊन नवीन सही आणली, काय कारण सांगितलं कोण जाणे. मॅडमना ते कधीच कळलं नाही. कळलं असतं तर त्या दिवसांत मला दुसरी नोकरी मिळणं कठीण होतं.

आता जे सांगायचं आहे ते केव्हा सुरू झालं, मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. सरांनी मोटारसायकल सोडली आणि जीपनं यायला लागले. "रस्ता लय खराब झालाय," म्हणाले. चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडायला लागला, कमल मावशी फरशी पुसताना पुटपुटायची. जिना उतरताना ते कठडा धरायचे. आणि काही बारकाईनं बघायचं असलं की डावा डोळा मिटायचे. मी हे सगळं वेगवेगळ्या दिवशी बघितलं. एकत्र कधी ठेवलंच नाही. चेहरा तर रोजचाच. समोरच्या खुर्चीतला माणूस रोज दिसतो म्हणजे आपण त्याला बघतो असं नसतं.

दोनदा मात्र माझं लक्ष गेलं होतं. टाइप करता करता मी मान वर केली, तर सर माझ्या दिशेनं बघत होते आणि त्यांचा एक डोळा मिटलेला होता. मी मान खाली घातली. त्या संध्याकाळी खुर्ची जराशी भिंतीकडे वळवून घेतली. घरी कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं काय होतं?

सेलूची एक मुलगी आली, कॉलेजात शिकणारी. डोकं दुखायचं म्हणून चेहऱ्याचा आणि डोक्याचा सीटी सांगितला होता. भाऊ सोबत होता. मुलगी मशीनला घाबरलेली. सरांनी तिला डोळे मिटायला सांगितले असणार, ते सगळ्यांनाच सांगायचे. पण घाबरलेल्या माणसाचे डोळे मिटून राहत नाहीत. तिनं उघडले. वर वीतभर अंतरावर एक अनोळखी माणूस वाकलेला आणि तो एक डोळा मिटून तिच्याकडे बघतोय. मावशी तेव्हा बाहेर फॉर्म घेत होती.

मुलगी बाहेर आली ती रडतच. भावाच्या कानात काहीतरी बोलली. भाऊ काउंटरवर आला. "तुमचा माणूस डोळा मारायलाय पोरीबाळींला! ह्यासाठी ठेवलाय व्हय त्याला आत?" बाकावर बसलेल्या दहा-बारा जणांच्या माना वळल्या. सर आतून आले. त्यांना काय झालंय तेच कळेना. "मी? मी काय केलं?" असं म्हणत ते त्या भावाकडे बघायला लागले आणि नीट बघायचं म्हणून त्यांनी डावा डोळा मिटला.

पुढं काय झालं ते सांगत बसत नाही. इम्राननं दोघांना बाजूला केलं, एवढं पुरे.

मॅडमनी त्या आठवड्यात आम्हाला एकेकाला आत बोलवलं. सरळ बाई, कुणावर अन्याय नको म्हणून विचारत होत्या. इम्रान म्हणाला, असं होऊच शकत नाही. मावशी म्हणाली, मला काही माहीत नाही, मी फरशी पुसते. मला त्यांनी विचारलं, "तुझ्या बाबतीत कधी असं काही?" मी म्हणाले, "कधी कधी वाटलंय, मॅडम." तेवढंच. मी वाढवून सांगितलं नाही. ती मुलगी खोटं बोलली नव्हती, मीही बोलले नव्हते. आम्ही दोघींनी बघितलं तेच सांगितलं.

सरांना सीटीवरून काढलं. एक्स-रेच्या खोलीत ठेवलं, तेही बाई पेशंट असली की मावशीनं दारात उभं राहायचं. मावशी उभी राहायची आणि भिंतीकडे बघायची. सर भांडले नाहीत, ना कुणाला काही समजावलं. फक्त एकदा दुपारी, बाहेर कुणी नसताना, माझ्या टेबलाशी आले.

"ताई, तुमाला बी वाटलं?"

माझ्यासमोर एक पोटाचा रिपोर्ट उघडा होता. मी यकृत नॉर्मल लिहिलं. मूत्रपिंडं नॉर्मल लिहिली. मान वर करेपर्यंत ते गेले होते.

लाज वाटली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण तेव्हा मला काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटतो, तशी मी त्या दिवसांत होते. घरी जायचे, पोळ्या करायचे, सकाळी यायचे. सर समोरून जायचे, मी स्क्रीनकडे बघायचे. त्यांनी "जुनी फिल्म हाय का" विचारणंही बंद केलं होतं. पेशंटशी ते आता फक्त "श्वास घ्या, धरा, सोडा" एवढंच बोलत, तेही दुसरीकडे बघून.

मग सगळ्या स्टाफला गळ्यात घालायची नवीन ओळखपत्रं आली. फोटो खालच्या स्टुडिओत काढलेले. सरांनी आपलं ओळखपत्र हातात घेतलं आणि तिथंच उभे राहिले. खिशातून पाकीट काढलं, त्यातलं जुनं ओळखपत्र काढलं, दोन्ही व्ह्यूबॉक्सच्या कडेवर शेजारी शेजारी ठेवली. मी तिरक्या नजरेनं बघत होते. त्यांनी अंगठा नव्या फोटोच्या अर्ध्या चेहऱ्यावर ठेवला. मग सरकवला. मग जुन्यावर. असं किती तरी वेळा. शेवटी दोन्ही घेऊन माझ्याकडे आले. किती तरी दिवसांनी.

"ताई, जरा बगा. तुमी रोज समोर बसता. हा डोळा खाली गेलाय का न्हाई?"

मी बघितलं. डावा डोळा उजव्यापेक्षा खाली होता, खोल गेलेला, वरच्या पापणीच्या वर खड्डा पडलेला. डाव्या गालाचं हाडही बसल्यासारखं. जुन्या फोटोत दोन्ही बाजू सारख्या. इतकं उघड होतं की मला आधी वाटलं, फोटोच बिघडलाय. म्हणून मी मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथंही तसंच होतं.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"कायबी दुखत न्हाई. दुखलं असतं तर कवाच बघितलं असतं की. वर बघितलं का दोन दोन दिसतं, वाकून बघितलं का बी. लाल रेघ बी दोन दिसायची. एक डोळा मिटला का एक होती." आणि ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या आणि माझ्या एकाच वेळी लक्षात आलं. खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

रविवारी सेंटर बंद असताना इम्राननं त्यांचा सीटी काढला. मॅडमही आल्या होत्या. सर टेबलावर झोपले, डोळे मिटले, इम्राननं रेघ लावली. सर झोपल्या झोपल्या म्हणाले, "केसभर डावीकडं घे." डोळे मिटलेले असताना त्यांना कसं कळलं, ठाऊक नाही.

गालाच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. त्यात हवा असते, फिल्मवर ती काळी दिसते. सरांची उजवी काळी, मोठी. डावी आक्रसून सुपारीएवढी, आणि भरलेली. मॅडमनी बघितलं आणि मला सांगायला सुरुवात केली. डावी पोकळी जन्मजात लहान. आमच्याकडे याचाही साचा होता. बऱ्याच जणांची एक बाजू जन्मापासून लहान असते, त्याला काही करायचं नसतं. मी साचा उघडला.

सर टेबलावरून उठून दारात आले होते. "मॅडम, जन्मजात न्हाई ते."

"अरे, असतं वाव्हळे असं. लोकांना माहीतही नसतं."

"न्हाई मॅडम. जुनी फिल्म हाय माझी."

सर एक्स-रेचा कोर्स करत होते तेव्हा मशीनवर पेशंट यायच्या आधी मुलं एकमेकांवर हात बसवायची. हनुवटी टेकव, तोंड उघड, हलू नको, असं करत एकमेकांच्याच तोंडाचे एक्स-रे काढायची. आता कुणी असं करू देणार नाही, तेव्हा कुणी विचारत नव्हतं. सरांनी आपल्या चेहऱ्याची फिल्म हौसेनं घरी नेऊन आईला दाखवली. आई म्हणाली, "हे भूत घरात नगं." वडिलांनी ती शेळ्यांच्या गोठ्याच्या खिडकीला खिळे मारून लावली, वारं लागू नये म्हणून. अजून तिथंच होती.

सोमवारी सकाळी सर ती घेऊन आले. चार कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं, एक कड शेळीनं चावलेली, रंग तपकिरी पडलेला. वास असा की मॅडमनी नाकाला ओढणी लावली. पण व्ह्यूबॉक्सवर लावल्यावर दिसायचं ते दिसलं. विशीतला एक चेहरा, तोंड उघडं, आणि डोळ्यांच्या खाली दोन काळ्या पोकळ्या, डावी आणि उजवी. मॅडम खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांनी आपला तळहात उचलून फिल्मच्या अर्ध्या भागावर ठेवला आणि सरकवला. सरांचंच बघून, पण मॅडमना ते कळलं नसावं.

"सारख्या आहेत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आम्हाला आणि स्वतःलाही. त्या पोकळीचं नाकात उघडणारं बारीक तोंड बंद होतं. आतली हवा हळूहळू शोषली जाते. भिंती आत ओढल्या जातात. पोकळीचं छत म्हणजेच डोळ्याची जमीन. जमीन खचली की डोळा खाली येतो. सर्दी नाही, ताप नाही, दुखणं नाही, म्हणून कुणी शोधत नाही, आणि फिल्मवर दिसलं तरी जन्मजात म्हणून सोडून देतात. "मीच सोडणार होते," मॅडम म्हणाल्या. या आजाराच्या इंग्रजी नावात 'सायलेंट', म्हणजे गप्प, असा शब्द आहे, तो त्यांनी मला दोनदा सांगितला. या रिपोर्टाचा साचा नव्हता. मी एकेक अक्षर टाइप केलं. शेवटच्या ओळीत लिहिलं, दोन दोन दिसणं याच कारणानं. तिथं माझी बोटं थांबली. लाज वाटली ती तेव्हा, इतक्या उशिरा.

मॅडम म्हणाल्या, "वाव्हळे, झालं गेलं. ऑपरेशन करून घ्या आणि या सीटीवर परत."

सर म्हणाले, "मॅडम, त्या सेलूच्या पोरीला कळवता का? ती घाबरून गेली तवा. तिला वाटत असंल, खरंच कुणी तसं केलं."

मॅडमनी व्ह्यूबॉक्सवरची फिल्म काढून माझ्याकडे दिली. मग म्हणाल्या, "आता कशाला उकरायचं? काय सांगणार आपण फोनवर?" त्या वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. कुणीही हेच म्हणालं असतं. सरांनी मान डोलावली. ऑपरेशनला नांदेडला गेले आणि परत आले नाहीत. एका ओळीचा राजीनामा इम्रानच्या हातानं आला.

पुढे डॉक्टरांच्या एका सभेत मॅडमनी ही केस दाखवली. स्लाइडांवरची मराठी-इंग्रजी अक्षरं मीच टाइप केली होती, म्हणून मीही मागच्या खुर्चीत होते. शेळ्यांच्या खिडकीची फिल्म मोठ्या पडद्यावर आली तेव्हा हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. टाळ्या झाल्या. पेशंटचं नाव दाखवायचं नाही असा नियम आहे, तो बरोबरच आहे. "मध्यमवयीन पुरुष," एवढंच लिहिलं होतं. आणि आमच्या सेंटरच्या खाली मेडिकलवर, समोरच्या चहाच्या गाड्यावर, पेडगावच्या जीपमध्ये जी दुसरी गोष्ट सांगितली जात होती, तिच्यात त्यांचं नाव, आडनाव, गाव सगळं होतं.

एकदा मी फोन केला. मुलीचा नंबर कॉम्प्युटरमध्ये होताच. भावानं उचलला. मी सेंटरचं नाव सांगितलं, म्हणाले, "त्या दिवशीच्या प्रकाराबद्दल थोडं बोलायचं होतं."

"काढलं का त्या माणसाला?"

"ते आता नाहीत इथं, पण..."

"बरं केलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मी दुसऱ्यांदा खरं बोलले होते आणि दुसऱ्यांदा तेच झालं. पुन्हा लावायला हवा होता. लावला नाही.

जवळजवळ वर्षानं मी परभणीच्या एसटी स्टँडवर गंगाखेडच्या गाडीची वाट बघत होते, बहिणीकडे निघाले होते. खांबाशी सर उभे दिसले. पाठमोरे, हातात खताची रिकामी पिशवी. केस बरेच गेलेले. मी जवळ जाऊन हाक मारली, "सर."

ते वळले. आणि मी आहे हे कळताच त्यांचा तळहात वर गेला, डाव्या डोळ्यावर. फिल्मवर ठेवायचे तसाच, बोटं जुळवून. अर्ध्या चेहऱ्यानं ते हसले.

"कुठं निघालाव ताई?"

"गंगाखेडला. डोळा कसा आहे?"

"ब्येस हाय. आता एकच दिसतं. डॉक्टर म्हनले अजून थोडा वर यील." हात तसाच होता. मला वाटलं, ऊन लागत असेल. पण आम्ही छपराखाली होतो.

"सर, त्या दिवशी मी मॅडमना..."

"तुमी दिसलं ते सांगितलं, ताई. आपलं कामच ते हाय." ते हे टोमणा मारून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. ते मला पित्ताशयाबद्दल सांगितलं होतं त्याच आवाजात म्हणाले.

मी म्हणाले, "तुमची जुनी फिल्म माझ्या खणात आहे. जपून ठेवलीय. आणून देऊ?"

"राहू द्या. खिडकीला काच बसवली."

माझी गाडी लागली. मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. खाली सरांशी एक म्हातारे गृहस्थ बोलायला आले, धोतर, हातात काठी. सरांनी हात खाली घेतला. तेव्हा मला काचेतून तो डोळा दिसला, उघडा. मी सवयीनं दोन्ही बाजू ताडून बघितल्या. जवळपास सारख्या होत्या. ते मोकळे बोलत होते, म्हाताऱ्याच्या खांद्यावर थाप मारत होते. मग कडेवर लेकरू घेतलेली एक बाई पुढे आली. कुठली गाडी कुठं लागते ते विचारत असावी. सरांनी बोर्ड वाचला, तिला फलाट दाखवला. हात मात्र ती बोलायच्या आधीच डोळ्यावर गेला होता.